राख दिसते, पारा दिसत नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर गणित शिकवलं. त्यामुळे आज भावनेचं थोडं आणि हिशेबाचं जास्त बोलायचं, असं मी ठरवून आलो आहे. मधूनमधून आकडे येतील. ते लिहून घेण्याची गरज नाही. शेवटी सारांश सांगेन.

विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने शंका काढली. म्हणाले, नांदेडात महानिर्मितीचं औष्णिक केंद्र नाही, लातुरातही नाही. मग इथे राखेवर कशाला बोलायचं? शंका रास्त आहे. पण परळी वैजनाथ कुठे आहे? कागदावर बीड जिल्ह्यात. प्रत्यक्षात लातूरच्या उंबऱ्याशी. परळीजवळून वाहणारी वाण नदी पुढे गोदावरीला मिळते, आणि ती गोदावरी तुमच्या घाटांवर येते. परळीच्या चिमणीतून निघालेला धूर जिल्ह्याची हद्द पाहून वळत नाही. परळीची राख ट्रकांतून चारी दिशांना जाते. तेव्हा केंद्र परळीत असलं तरी त्याचं ताळेबंदपत्रक आपल्या सगळ्यांचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मला तपासता येईल. राख आणि पारा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. धुरातून जे पकडलं जातं ते राखेत जातं. त्या राखेचं आपण पुढे काय करतो, यावर ते तिथेच राहणार की पुन्हा हवेत सुटणार, हे ठरतं. पण आपल्या नियमांनी राखेची एक वही केली आणि धुराची दुसरी. या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

पहिला मुद्दा राखेचा.

परळीचे पहिले दोन संच 1971 च्या सुमाराचे, तीस-तीस मेगावॉटचे. मग 1980 च्या दशकात 210 मेगावॉटचे तीन संच आले. पुढे 250 मेगावॉटचे तीन: 2007, 2010 आणि 2016 साली. जुने संच निवृत्त झाले. आज उरलेत ते हे शेवटचे तीन, मिळून 750 मेगावॉट.

आता गुरुजींच्या पद्धतीने फळ्यावर मांडू. 250 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर साठ लाख युनिट वीज होते. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका संचाला दिवसाला चार हजार टनांच्या वर आणि तिघांना मिळून बारा हजार टनांच्या वर. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण फार, तीस ते पंचेचाळीस टक्के. मधला आकडा धरा. दिवसाला साडेचार हजार टन राख! एका हायवात वीस टन धरले, तर सव्वादोनशे फेऱ्या. रोज. आणि वीज कुठे जाते? राज्याच्या ग्रीडमध्ये. वीज पुण्या-मुंबईला पोचते, राख परळीला राहते.

ही राख कशी पकडतात, ते थोडक्यात सांगतो. बॉयलरच्या तळाशी पडते ती जाड राख. एकूण राखेचा साधारण पाचवा हिस्सा. बाकीची इतकी बारीक असते की ती धुराबरोबर उडत निघते. वाटेत लोखंडी पत्र्यांची उंच दालनं असतात. तिथे विजेचा मोठा दाब देऊन कणांवर भार चढवतात, कण पत्र्यांना जाऊन चिकटतात, आणि ठराविक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटले की राख खाली हॉपरमध्ये झडते. यंत्र नीट चाललं तर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त राख तिथेच अडते. या यंत्राने खूप काम केलं आहे, हे मान्य केलं पाहिजे.

पण अडलेली राख जाते कुठे? कोरडी उचलली तर सायलोत आणि तिथून बंद बल्करमध्ये. नाहीतर पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या तळ्यात. परळीत दाऊतपूर आणि दादाहारी वडगाव ही नावं घेतली की लोकांना राखेचं तळंच आठवतं. आणि पाण्यात कालवायची म्हणजे थोडक्या पाण्याने भागत नाही. राखेच्या कित्येक पट पाणी लागतं. ते कुठे वापरायचं? मराठवाड्यात! फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद करावं लागलं. जुलै 2015 मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर वर्ष सरायच्या आत, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. लातूरची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना मी काय सांगावं? ज्या मुलखात माणसांना पाणी रेल्वेने येतं, तिथे राख वाहायला पाणी वापरायचं, ही पद्धत ज्याने ठरवली त्याने नकाशा पाहिला नव्हता.

तळ्यावर कधी गेलात तर दोन गोष्टी जवळून पाहा. पहिली, पाण्यावर तरंगणारी पांढुरकी साय. त्या राखेतल्या पोकळ काचेच्या गोळ्या. भट्टीतल्या आगीत माती वितळून बनलेल्या, आत वायू भरलेल्या. रंगाच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत त्यांना चांगला भाव मिळतो, म्हणून लोक चाळणीने काढून पोती भरतात. दुसरी गोष्ट, हायवाचं मागचं फाळकं. वर ताडपत्री असते, निदान तपासणी नाक्यापुरती तरी असते. पण फाळक्याच्या फटीतून राखेची बारीक धार रस्त्यावर सांडत जाते. मागून दुचाकीवर येणाऱ्या बाईने पदर नाकातोंडावर घट्ट बांधलेला असतो. रस्त्याकडेच्या कापसाच्या पानांवर राखाडी थर असतो. उन्हाळ्यात वारं सुटलं की घरात, पाण्याच्या हंड्यावर, भाकरीच्या परातीत, सगळीकडे फुफाटा. या धुळीतले सर्वांत बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांत सिलिका असते. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्या गावांतला खोकला ऐकला तरी पुरे.

कायदा काय म्हणतो? 14 सप्टेंबर 1999 ला केंद्र सरकारने राखेच्या वापराची अधिसूचना काढली. मग 2003, 2009, 2016 मध्ये तिच्यात बदल झाले. महाराष्ट्राने तर 2016 मध्ये राखेच्या वापराचं स्वतःचं धोरण आणलं. 31 डिसेंबर 2021 ला नवी अधिसूचना आली आणि तिने पहिल्यांदा दात दाखवले: जी राख वापरली जाणार नाही, तिच्यावर टनामागे एक हजार रुपये दंड; आणि तळ्यांत साठलेली जुनी राख 1 एप्रिल 2022 पासून दहा वर्षांत संपवायची. तारीख लक्षात ठेवा: 31 मार्च 2032.

सुरुवातीच्या नियमाने राख फुकट द्यायची होती. फुकट होती तोवर तिला कोणी मालक नव्हता. सिमेंटवाल्यांनी, वीटवाल्यांनी भाव आणला तसे मालक उगवले. तळ्यातून राख उपसायची, हायवात भरायची, कोणाची गाडी कुठल्या रांगेत लागेल ते ठरवायचं. या सगळ्याचा पैसा झाला, आणि 'राख माफिया' हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. नावं घेणं हे माझं काम नाही, ते न्यायालयाचं आहे. मी एवढंच म्हणेन की जिथे वजनकाटा आणि पावती उघड्यावर नसते, तिथे दंडुका येतोच.

आणि राखेची तळी फुटतातही. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत गेलं. अमेरिकेत टेनेसीमध्ये 22 डिसेंबर 2008 ला किंग्स्टन केंद्राचा बांध फुटला आणि चाळीस लाख घनमीटरहून जास्त गाळ नदीत आणि घरांवर आला. श्रीमंत देशातही मातीचा बांध तो मातीचाच.

इथवर राख. ती दिसते, त्यामुळे तिच्यावर मोर्चे निघतात. आता न दिसणाऱ्याकडे येऊ.

दुसरा मुद्दा पाऱ्याचा.

कोळशात पारा असतो का? असतो. फार थोडा, एका टनात ग्रॅमच्या काही दशांशांएवढा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाऱ्याने काय होतं? पुन्हा फळ्याकडे चला. टनाला 0.2 ग्रॅम धरा. बारा हजार टनांत किती? दोन हजार चारशे ग्रॅम. दिवसाला जवळजवळ अडीच किलो. केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चाललं असं धरलं, तर पाऊण टनाहून जास्त. मी हा फक्त अंदाज मांडतो आहे. केंद्राने आपला खरा आकडा मांडावा आणि मला खोटं ठरवावं. मला आनंदच होईल.

भट्टीच्या उष्णतेत कोळशातल्या सगळ्या पाऱ्याची वाफ होते. धूर थंड होत जातो तसे पाऱ्याच्या तीन वाटा होतात. काही पारा राखेतल्या न जळलेल्या कार्बनला चिकटतो. तो पत्र्यांवर राखेबरोबर अडतो. काही पारा क्लोरिनशी संयोग पावतो. तो पाण्यात विरघळतो आणि पावसाबरोबर जवळपास उतरतो. उरलेला पारा वाफेच्याच रूपात राहतो. त्याला विजेचे पत्रे अडवू शकत नाहीत. तो महिनोन्‌महिने हवेत राहतो, समुद्र ओलांडतो. भारतीय कोळशात क्लोरिन कमी, म्हणून ही तिसरी, न सापडणारी वाट आपल्याकडे मोठी.

हा पारा पुढे काय करतो? तळ्या-धरणांच्या तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो लहान माशात जातो, लहान माशांतून मोठ्या माशात, मोठ्यातून माणसात. आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूवर त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो. जपानच्या मिनामाता गावात 1956 मध्ये हा आजार अधिकृतपणे ओळखला गेला. तिथे कोळसा नव्हता; रासायनिक कारखान्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. पण रसायन तेच. त्या गावाच्या नावाने 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, 16 ऑगस्ट 2017 ला लागू झाला, आणि भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. जगात माणसाच्या उद्योगातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा कोळसा जाळण्यातून जातो.

आपल्या देशात 7 डिसेंबर 2015 ला पहिल्यांदा औष्णिक केंद्रांना पाऱ्याची मर्यादा घातली गेली. घनमीटर धुरामागे 0.03 मिलिग्रॅम. ऐकायला कडक वाटते ना? आता तपासू. एक किलो कोळसा जाळला की साधारण सहा-सात घनमीटर धूर होतो. किलोमागे 0.2 मिलिग्रॅम पारा, भागिले साडेसहा. उत्तर किती? 0.03! म्हणजे काहीही न पकडता, चिमणी उघडी ठेवली तरी असा कोळसा परीक्षेत पास. अमेरिकेने 2012 मध्ये बहुतेक कोळशासाठी घातलेली मर्यादा याच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आहे. आणि आपल्या नियमात आणखी एक पळवाट होती. 2003 पर्यंत बसलेल्या पाचशे मेगावॉटखालच्या संचांना ही मर्यादा लागूच नव्हती. परळीच्या 210 मेगावॉटच्या संचांनी वर्षानुवर्षं धूर सोडला. त्यांना पाऱ्याचा नियम शिवलाही नाही.

त्यात जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. कारण दिलं गेलं, आपल्या कोळशात गंधक कमी. ते खरंही आहे. पण धूर पाण्या-चुन्यात धुणारी ती यंत्रणा गंधकाबरोबर पाण्यात विरघळणारा पाराही काढते. सूट देताना गंधकाचा खर्च मोजला. पाऱ्याचा फायदा कोणत्या वहीत लिहायचा होता? तशी वहीच नव्हती.

तिसरा मुद्दा. मागे बसलेल्यांना ऐकू येतं आहे ना? कारण आज मी मुख्यतः हा मुद्दा सांगायला आलो आहे.

पत्र्यांवर राख अडली, तिच्याबरोबर थोडा पारा अडला. धुराच्या वहीत जमा: एवढा पारा पकडला. शाबास. ती राख विकली गेली. राखेच्या वहीत जमा: एवढी राख वापरली. पुन्हा शाबास. पण वापरली कुठे?

समजा लातूरच्या एखाद्या कारखान्यात राख, सिमेंट आणि कच मिसळून दाबाची वीट पाडली आणि पाणी मारून पक्की केली. तिथे आग नाही. पारा विटेतच बसून राहतो. समजा राख सिमेंटच्या क्लिंकरबरोबर दळली. आपल्या मानकाप्रमाणे पोझोलाना सिमेंटमध्ये पस्तीस टक्क्यांपर्यंत राख घालता येते. तिथेही आग नाही. पण तीच राख लाल विटेच्या मातीत मिसळून भट्टी लावली तर? परळीच्या आसपास भट्ट्या किती आहेत ते तुम्ही जाणता. भट्टीत आठशे-हजार अंश उष्णता. पाऱ्याची पुन्हा वाफ! जो पारा केंद्राने पकडला होता तो सुटला. आणि कुठून सुटला? केंद्राची उंच चिमणी त्याला दूर तरी फेकते. वीटभट्टी त्याला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर सोडते, जिथे थापी मारणारी बाई आणि तिचं पोर भट्टीशेजारच्या झोपडीत राहतं.

आणि हे बेकायदा नव्हतं, हेच गंमतीचं. 1999 ची ती अधिसूचनाच म्हणत होती की केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत किमान पंचवीस टक्के राख मिसळा. हेतू चांगला होता: शेताची वरची सुपीक माती वाचावी. ती वाचलीही. मी त्या नियमाला खलनायक म्हणत नाही. पण तो लिहिणाऱ्याच्या टेबलावर राखेची वही होती, पाऱ्याची नव्हती.

दुसरं उदाहरण. सखल जमीन भरणं हादेखील सरकारी हिशेबात राखेचा 'वापर' समजला जातो. दगडखाणीचा खड्डा राखेने भरला: वापर. ओढ्याकाठची खोलगट जमीन भरली: वापर. खाली प्लास्टिकचा थर नाही, वर मातीचं जाड पांघरूण नाही. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपत विहिरीत गेलं, तरी कागदावर शंभर टक्के. देशात वर्षाला पंचवीस कोटी टनांहून जास्त राख निघते, आणि वापराचे टक्के वाचून टाळ्या वाजतात. टक्के वाचताना विचारा: वापर म्हणजे काय?

उलट चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. घाटघर जलविद्युत प्रकल्पाची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटहून राख जास्त आहे. तिथे आग नाही, उडणं नाही. राख धरणात कायमची बंदिस्त झाली. याला मी वापर म्हणतो.

मग करायचं काय? केंद्र बंद करा, असं मी म्हणणार नाही. परळीची हजारो घरं त्याच्यावर चालतात, आणि आपल्या मोटारीही. चार गोष्टी सांगतो.

एक. कोळसा धुऊन घ्या. दगड-माती निघते, राख कमी होते, आणि गंधकी दगडाला चिकटलेला काही पाराही निघतो. मुळातच कमी आलं तर पुढे कमी पकडावं लागतं.

दोन. राख कोरडी उचला, बल्करमध्ये न्या. तळं फक्त आणीबाणीपुरतं. पाणी वाचेल, फुफाटा थांबेल, आणि वजनकाट्यावर पावती फाटली की दंडुक्याचं राज्यही आवरेल.

तीन. राखेच्या वापराची उतरंड ठरवा. आग न लागणारे वापर पहिले: काँक्रीट, सिमेंटचं दळण, दाबाच्या विटा. मग नीट झाकलेले रस्त्याचे भराव. भट्टी आणि उघडे खड्डे सर्वांत शेवटी. दंड आणि सवलती याच क्रमाने लावा. आणि पारा धरायला धुरात कार्बनची पूड मारली, तर ती राख काँक्रीटला चालत नाही, हेही आधीच पाहा; नाहीतर एक वही सुधारताना दुसरी बिघडेल.

चार, आणि हे सर्वांत स्वस्त. पाऱ्याचा एकच ताळेबंद दर महिन्याला जाहीर करा. कोळशातून किती आला, राखेत किती गेला, चिमणीतून किती गेला, राख कोणाला आणि कशासाठी दिली. तो ताळेबंद दाऊतपूरच्या आणि दादाहारी वडगावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे. त्याच्या जोडीला वाणेतला, खडक्याच्या बंधाऱ्यातला आणि तुमच्या विष्णुपुरी जलाशयातला मासा वर्षातून दोनदा तपासला पाहिजे. मासा खोटं बोलत नाही, आणि विष्णुपुरीत जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांचा तो हक्क आहे.

सारांश सांगतो. राख दिसते म्हणून तिच्यावर भांडणं होतात. पारा दिसत नाही म्हणून त्याच्यावर नियमही सैल. पण पकडलेला पारा राखेतच बसतो, आणि राखेची वाट चुकली की पुन्हा सुटतो. म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र लिहिला पाहिजे, आणि गावात लागला पाहिजे.

एक विनंती करून थांबतो. या सभागृहात स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत. प्रबंधासाठी विषय शोधायला लांब जाऊ नका. परळीच्या तळ्यातली राख, भट्टीतली वीट आणि गोदावरीतला मासा, या तिन्हींतला पारा मोजा आणि आकडे छापा. सरकारी वही उघडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा तुमची वही आधी लिहून झाली, तर सरकारला आपली उघडावीच लागेल.